सर्टिफाइड डॉग ट्रेनर व्हायचंय? साताऱ्यात राहून हे कसं जमवायचं

मागच्या पावसाळ्यात कोरेगावचा एक मुलगा फाइल घेऊन माझ्याकडे आला. प्लास्टिकच्या कव्हरात तीन कागद जपून ठेवलेले. पहिला पंधरा दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचा, सोनेरी शिक्क्याचा. दुसरा एका दिवसाच्या कार्यशाळेला हजर राहिल्याचा. तिसरा त्याच्या जर्मन शेफर्डच्या केनेल क्लब ऑफ इंडियातल्या नोंदणीचा. मला म्हणाला, "ताई, आता बोर्डवर सर्टिफाइड ट्रेनर असं लिहू ना?"

मी म्हटलं, इतक्यात नको. तिन्ही कागद खरे होते, पण त्यातला एकही ट्रेनरची परीक्षा घेऊन दिलेला नव्हता. पहिला सांगत होता की पोरानं फी भरून व्हिडिओ पाहिले. दुसरा सांगत होता की तो दिवसभर तिथं बसला होता. तिसऱ्यात तर त्याच्याबद्दल काहीच नव्हतं, ती त्याच्या कुत्र्याची वंशावळ होती. कुठलाही कागद हातात आला की एकच प्रश्न विचारायचा: हा कुणी दिला, आणि देण्याआधी माझं काय तपासलं? या लेखात पुढं येणारं सगळं या प्रश्नावरच उभं आहे.

आधी तीन शब्द सुटे करा

आपल्याकडे सगळ्यालाच सर्टिफिकेट म्हणतात, तिथूनच घोळ सुरू होतो. कॉलेजचं उदाहरण घ्या. एखादा विद्यार्थी एम.ए. करतो, ते त्याच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र. मग तो सेट किंवा नेट देतो. ती परीक्षा त्याच्या कॉलेजनं घेतलेली नसते, तो कुठं शिकला याच्याशी तिला देणंघेणं नसतं, सगळ्यांना एकच पेपर. आणि कॉलेजला नॅकचं मानांकन मिळतं, तेव्हा विद्यार्थ्याला नाही तर संस्थेलाच कुणीतरी बाहेरून येऊन तपासलेलं असतं.

आपल्या कामातही अशाच तीन पायऱ्या आहेत. कोर्स पूर्ण केल्याचा कागद म्हणजे प्रमाणपत्र. शिकवणाऱ्यापेक्षा वेगळ्या, स्वतंत्र संस्थेनं अनुभव तपासून आणि परीक्षा घेऊन दिलेला दर्जा म्हणजे प्रमाणन. हा दर्जा ठरावीक वर्षांनी नवा करावा लागतो आणि वागणूक चुकली तर काढूनही घेतला जातो. आणि प्रमाणन देणाऱ्या संस्थेचीच तपासणी म्हणजे मानांकन. व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. जाहिरातीत कुणी "आंतरराष्ट्रीय मानांकित" लिहिलं असेल तर फोन करून विचारा, मानांकन कुणाचं आणि कोणत्या मानकाखाली? ज्याच्याकडे खरं आहे तो दोन मिनिटांत सांगतो.

मी हे पुस्तक वाचून शिकले नाही. सुरुवातीला एका मोठ्या शहरात दहा दिवसांचा कोर्स केला होता. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांना सर्टिफिकेटं वाटली, दोनच दिवस आलेल्या एकालाही मिळालं. तिथं शिकवलं होतं की कुत्रा जेवताना गुरगुरला तर ताटली काढून घ्या, घरात मोठं कोण ते त्याला कळलं पाहिजे. साताऱ्यात परत आल्यावर शाहूपुरीतल्या एका गावठी कुत्रीवर मी तेच केलं. तिसऱ्यांदा ताटली उचलताना तिनं माझा अंगठ्याखालचा मांसल भाग फोडला. चूक तिची नव्हती. ती आधी थबकली होती, अंग ताठ केलं होतं, डोळ्याचा पांढरा भाग दाखवला होता. सगळं सांगून झालं होतं तिचं. मला ते वाचायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कागदावर मात्र मी प्रशिक्षित होते.

नंतर कळलं की ही "मोठं कोण" कल्पना पिंजऱ्यात एकत्र डांबलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये ते लिहिलं. पुढं डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकानं १९९९ मध्ये स्पष्ट मांडलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि पिल्लांचं कुटुंब असतं, तिथं गादीसाठी रोजची मारामारी नसते. माझा कोर्स त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला होता, तरी तिथं जुनंच चालू होतं. बाहेरची परीक्षा का हवी, याचं उत्तर मला माझ्या अंगठ्यानं दिलं.

कायदा काय मागतो

भारतात डॉग ट्रेनर होण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. उद्या कुणीही बोर्ड लावू शकतो. म्हणूनच प्रमाणन ही आपण होऊन घ्यायची जबाबदारी ठरते.

परवाना नाही म्हणून कायदाच नाही, असं मात्र समजू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा ट्रेनरलाही लागू आहे. मारणं, अवजड किंवा आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं त्याच्या कलम ११ मध्ये येतं. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही १० ते ५० रुपये आहे, हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. पण प्राण्याला ठार मारलं किंवा निकामी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

ट्रेनिंगच्या जोडीला पिल्लांची पैदास करणार असाल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आणि वाई-मेणवलीच्या शूटिंगला कुत्रा पुरवण्याची ऑफर आली, आपल्या भागात ती येते, तर २००१ च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते. "निर्माता बघेल" या भरवशावर राहू नका, कागद स्वतः डोळ्यांनी पाहा.

अजून एक मर्यादा. औषध सांगायचं नाही. उपचार करण्याचा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिला आहे. "झोपेची अर्धी गोळी देऊन बघा" असं सांगणारे ट्रेनर मी पाहिलेत. तुम्ही त्यातले होऊ नका.

पहिलं वर्ष: हात तयार करा

अर्जाच्या आधी हातांना सवय हवी. साताऱ्यात त्यासाठी तीन जागा आहेत आणि तिन्ही फुकट आहेत, फक्त पहाटे उठावं लागतं.

पहिली जागा पशुवैद्यकाचा दवाखाना. आठवड्यातून दोन संध्याकाळी डॉक्टरांकडे कुत्री धरायला उभे राहा. इंजेक्शनच्या टेबलावर अर्ध्या तासात जेवढी देहबोली दिसते तेवढी महिनाभर व्हिडिओ पाहून दिसत नाही. जांभई, ओठावरून फिरणारी जीभ, उचललेला पुढचा पाय, मागं गेलेले कान. या ओळखीचा पुढं आणखी एक फायदा होतो, तो खाली सांगते. गुंतागुंतीच्या केससाठी आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही लक्षात असू द्या. अचानक चावायला लागलेल्या कुत्र्याचं कारण कधी कान असतो, कधी कंबर असते. तिथं ट्रेनिंगचं काम नाही, तपासणीचं काम आहे.

दुसरी जागा भटक्या आणि सुटका केलेल्या कुत्र्यांसाठी काम करणारे स्थानिक गट. तिथं घाबरलेली, मार खाल्लेली, माणसाच्या हाताला न बसणारी कुत्री भेटतात. "गावठी कुत्रं शिकत नाही" हा समज तिथं आठवड्याभरात निघून जातो.

तिसरी जागा फौजेतले निवृत्त हँडलर. आपल्या जिल्ह्यात फौजेची परंपरा मोठी, अपशिंग्याचं नाव घेतलं तरी पुरे. लष्कराची कुत्री मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात तयार होतात, आणि तिथून आलेल्या माणसाच्या हातातली पट्ट्याची पकड, वेळेचा काटेकोरपणा, कुत्र्याची रोजची निगा पाहण्यासारखी असते. पण एक लक्षात ठेवा. स्फोटकं शोधणारं कुत्रं आणि सदर बझारातल्या फ्लॅटमधलं लॅब्राडोर यांचं काम वेगळं. फौजेत हँडलर एकच असतो. घरात आजी, सून, दोन मुलं आणि कामाला येणाऱ्या मावशी असतात. आपल्याला माणसांनाही शिकवायचं असतं.

तासांची वही आजपासून

लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ट्रेनरचं सगळ्यात माहितीतलं स्वतंत्र प्रमाणन अमेरिकेतल्या सीसीपीडीटी या परिषदेचं. ती २००१ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या सीपीडीटी-केए या दर्जासाठी मागच्या ३ वर्षांत किमान ३०० तास ट्रेनिंगचा अनुभव लागतो. आकडा ऐकून लोक दचकतात. हिशेब करा: आठवड्याला तासाभराची तीन सेशन, वर्षाचे १५६ तास. दोन वर्षांत ३१२. नोकरी सांभाळूनही जमतं. अडचण एवढीच की बहुतेकांनी हे तास केलेले असतात, लिहिलेले नसतात.

दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्येही ठेवा, पण वही हवीच, कारण तिच्यावर मालकाची सही घेता येते. दर सेशनला तारीख, वेळ, कुत्रा, काय शिकवलं, किती मिनिटं, आणि मुख्य ट्रेनर तुम्ही होता की दुसऱ्याला मदत करत होता. मी आणखी एक रकाना ठेवते, "काय फसलं". त्या कोरेगावच्या मुलाच्या वहीतली एक नोंद, त्याला विचारून इथं देते:

"सकाळी ६.५०. मोती, गावठी, नर, दीड वर्ष. हजर: आजी आणि नातू. विषय: दारावरची बेल वाजली की चटईवर बसणं. ५५ मिनिटं, मुख्य मीच. आजी 'बैस' म्हणते, नातू 'सिट'. एक शब्द ठरवला, बैस. फसलं: बाराव्या वेळी दूधवाला खरोखर आला, मोती पळाला. चटई दारापासून सात फूट मागं नेली, बेल मोबाइलवर बारीक आवाजात. मग सलग पाच वेळा बसला."

या नोंदीत सगळं आलं. शब्द एक केला, अडचण कमी केली, आणि कुत्रा चुकला तेव्हा दोष स्वतःच्या मांडणीत शोधला. अशा तीनशे नोंदी झाल्या की परीक्षेचा निम्मा अभ्यास झालेला असतो.

घरच्या कुत्र्याबरोबर घालवलेला वेळ आणि दुसऱ्याचं सेशन नुसतं बघितलेला वेळ यात धरू नका. शिकायला ते हवंच, पण तास म्हणून मोजायचं नाही. या ठिकाणी स्वतःला फसवलं तर पुढचं सगळंच पोकळ.

सुरुवातीला गिऱ्हाईक कुठून आणायचं, असं सगळे विचारतात. डॉक्टरांच्या दवाखान्यात एक साधा कागद लावा: पहिल्या लसींचा कोर्स चालू असलेल्या पिल्लांसाठी रविवारी सकाळी तासभर वर्ग. पिल्लाचा माणसांशी, आवाजांशी, जमिनींशी ओळख करून घेण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा, आणि आपल्याकडे तो नेमका घरात कोंडून वाया जातो. जागा स्वच्छ हवी, बाहेरची कुत्री न येणारी हवी, किती लसी झाल्यावर आणायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. चार पिल्लं आली तरी वर्ग घ्या.

थोडं मोठं झालेलं कुत्रं असेल तर मी एखादं सेशन संगम माहुलीला घेते. कृष्णा-वेण्णेचा संगम, घाटाच्या पायऱ्या, घंटा, कावळे, दशक्रियेला आलेली माणसं. गर्दीपासून लांब उभं राहून लक्ष माणसाकडे ठेवायला शिकवायचं, आणि कुणाच्या दुःखात अडथळा येईल असं दिसलं तर मुकाट परतायचं. थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी तिथंच आहे. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं, अशी आख्यायिका सांगतात. नवीन मालकांना मी ती समाधी दाखवतेच.

कोणतं प्रमाणन निवडायचं

घरच्या कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवायचं असेल तर वर सांगितलेलं सीपीडीटी-केए. ही परीक्षा ज्ञानाची आहे. वय १८ पूर्ण, शालेय शिक्षण पूर्ण, ३०० तास, आणि तुमच्या अनुभवाची खात्री देणारं, त्यांच्याच प्रमाणित ट्रेनरनं किंवा पशुवैद्यकानं सही केलेलं पत्र. आता दवाखान्यात कुत्री धरण्याचा फायदा कळला असेल. साताऱ्यात सीसीपीडीटीचा प्रमाणित ट्रेनर शोधत बसण्यापेक्षा, दोन वर्षं तुमचं काम पाहिलेले डॉक्टर जवळचे.

भीती, आक्रमकता, एकटं सोडल्यावर घर फोडणं, अशा वर्तनाच्या केस घ्यायच्या असतील तर पुढची पायरी आहे. सीसीपीडीटीचाच सीबीसीसी-केए, किंवा प्राणिवर्तन सल्लागारांच्या आयएएबीसी या संघटनेचा दर्जा. आयएएबीसीकडे केसचे लेखी अहवाल मागतात, पहिल्या भेटीत काय दिसलं, काय ठरवलं, काय बदललं. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या तीन वर्षांत इकडे जाऊ नये. चावणाऱ्या कुत्र्याच्या घरात लहान मूल असतं, आणि आपला चुकीचा सल्ला त्या मुलाच्या तोंडावर उमटतो.

तिसरा रस्ता शाळांचा. केरन प्रायर यांनी क्लिकर पद्धत (बरोबर वागलं की टिक् असा आवाज आणि लगेच बक्षीस) घरोघरी पोचवली, त्यांच्या नावाच्या अकादमीचा केपीए-सीटीपी हा दर्जा आहे. जीन डोनाल्डसन यांच्या अकादमीचा सीटीसी आहे. इथं शिकवणारे आणि तपासणारे एकच, म्हणून काटेकोर अर्थानं हे अभ्यासक्रमाचे दर्जे. पण तिथं प्रत्यक्ष कुत्र्यावरचं काम तपासतात आणि ते कडक तपासतात. ज्याला कुणाच्या तरी हाताखाली शिकायचंय त्यानं आधी हा रस्ता घ्यावा आणि मग स्वतंत्र परीक्षा द्यावी.

केनेल क्लब ऑफ इंडियाच्या आज्ञापालन चाचण्यांचा उल्लेख करते, कारण त्यात गल्लत होते. ती चाचणी कुत्रा-हँडलर जोडीच्या त्या दिवसाच्या कामगिरीची असते. जरूर भाग घ्या, अनुभव चांगला मिळतो, पण तिला ट्रेनरचं प्रमाणन म्हणू नका.

अभ्यास: इंग्रजी पेपर, मराठी डोकं

परीक्षा इंग्रजीत असते. १८० बहुपर्यायी प्रश्न, ३ तास, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. मराठी माध्यमातली मुलं इथं घाबरतात. माझा अनुभव असा की अडतं ते इंग्रजीशी नाही, संकल्पना मराठीत पक्की नसते म्हणून अडतं. आधी स्वतःच्या भाषेत समजून घ्या, मग इंग्रजी शब्द तिच्यावर चिकटवा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या धन-ऋणाच्या चौकटीत. स्किनर यांनी मांडलेल्या साधक अभिसंधानातले, म्हणजे वागण्याच्या परिणामांतून शिकण्यातले, हे चार प्रकार. इथं धन म्हणजे चांगलं आणि ऋण म्हणजे वाईट, असं नाही. धन म्हणजे काहीतरी घातलं, ऋण म्हणजे काहीतरी काढलं. प्रबलन म्हणजे वागणं वाढलं, शिक्षा म्हणजे वागणं कमी झालं. बस्स, चार शब्द.

मोती बसला, उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळाला, बसणं वाढलं: धन प्रबलन. पट्टा ताणून धरला, तो जवळ आला तसा ढिला सोडला, जवळ येणं वाढलं: ऋण प्रबलन. भुंकल्यावर वर्तमानपत्राची सुरळी बसली आणि भुंकणं कमी झालं: धन शिक्षा. अंगावर उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवली, उड्या कमी झाल्या: ऋण शिक्षा.

आता परीक्षेत येतो तसा प्रश्न. कुत्रा भुंकतो, मालक प्रत्येक वेळी जोरात "गप!" ओरडतो, आणि महिन्याभरात भुंकणं वाढलेलं असतं. हे काय? नव्वद टक्के मुलं पटकन शिक्षा म्हणतात. मालकाला शिक्षा करायची होती हे खरं, पण वागणं वाढलं. म्हणजे ओरडणं कुत्र्याला लक्ष दिल्यासारखं वाटलं, ते धन प्रबलन झालं. आपला हेतू काय होता याला किंमत नाही, कुत्र्याच्या वागण्याचं पुढं काय झालं त्यावर नाव ठरतं. हे एकदा मुरलं की पेपरही सुटतो आणि घरातल्या सेशनमध्येही आपण दुसऱ्याच नजरेनं बघायला लागतो.

पाव्हलोव्ह यांचं अभिजात अभिसंधान, म्हणजे दोन गोष्टींची मनात सांगड बसून होणारं शिकणं, साताऱ्यात शिकायचं तर गणपतीच्या आधीचे दोन महिने घ्या. ढोल-ताशाला थरथरणाऱ्या कुत्र्याला आषाढापासूनच ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात ऐकवायचं, आवाज सुरू झाला की चिकन, बंद झाला की चिकन बंद. कुत्रा निवांत खातोय तोवरच आवाज एक रेघ वर. खाणं थांबलं म्हणजे आपण घाई केली, दोन रेघा खाली या. विसर्जनाच्या आदल्या दिवशी फोन करणाऱ्यांना मी खरंच सांगते, आता शिकवणं नाही, आता आतली खोली, पडदे, पंखा आणि डॉक्टरांचा सल्ला.

बाकीचा अभ्यास प्राणिवर्तन, शरीर आणि आरोग्य, साधनं, आणि माणसांना शिकवण्याचं कसब यांचा. साधनांबद्दल एक गोष्ट. काटेरी पट्टा आणि शॉकचा पट्टा तुम्ही वापरत नसाल, मी वापरत नाही, तरी ते कसे चालतात आणि काय बिघडवतात याचा अभ्यास लागतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ च्या निवेदनात सगळ्या कुत्र्यांसाठी, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच सांगितल्या आहेत. "आमची कुत्री डेंजर आहेत, तिथं प्रेमानं चालत नाही" म्हणणाऱ्यांसमोर ते निवेदन ठेवा.

आरोग्याच्या भागात विषारी पदार्थ येतात. सांगली-तासगावकडच्या मालकांना तर हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं: द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. घरात बेदाण्याचं पोतं उघडं असतं, मुलं प्रेमानं चार दाणे टाकतात. भडंगही नको, त्यात लसूण असतो. आणि आमच्याकडच्या पाहुणचाराचा कंदी पेढा कुत्र्याला कुणी देत असेल तर हात जोडून थांबवा. बक्षीस म्हणून बिनमिठाचं उकडलेलं चिकन, पनीर किंवा रताळं, करंगळीच्या नखाएवढं.

माणसांना शिकवण्याचा भाग मुलं हलक्यात घेतात, आणि खरं काम तिथंच आहे. आजोबांना "टायमिंग चुकतंय" म्हणून भागत नाही. त्यांच्या हातात वाटी द्या, कुत्र्याशिवाय सराव घ्या: मी टाळी वाजवली की तुम्ही एक शेंगदाणा वाटीत टाका. दहा टाळ्यांत आजोबांचा हात जमतो, मग कुत्रा आणा.

अर्ज आणि परीक्षेचा दिवस

परीक्षेच्या खिडक्या वर्षात ठरावीकच असतात, अर्जाची शेवटची तारीख त्याच्या बऱ्याच आधी जाते. नियमावली दरवर्षी संस्थेच्या संकेतस्थळावरून ताजी उतरवून घ्या, कुणाच्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका, याही लेखावर नको. फी डॉलरमध्ये असते, त्यामुळे कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्या.

अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरन्‌ अक्षर सारखं हवं. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर वेगळं स्पेलिंग, लग्नानंतरचं आडनाव तिसरीकडे. हे सहा महिने आधी निस्तरा. घरून संगणकावर परीक्षा देण्याची सोय घेतलीत तर इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट, आणि घरात कुणी डोकावणार नाही अशी खोली. डॉक्टरांचं पत्र शेवटच्या आठवड्यात मागायला जाऊ नका. वही घेऊन जा, त्यांना पानं चाळू द्या, मग सही मागा.

दर्जा मिळाल्यावर

नावापुढं अक्षरं लागली की आचारसंहिताही लागते. शंभर टक्के निकालाची हमी देता येत नाही. "दहा दिवसांत कुत्रा हातात" अशी पाटी असेल तर ती आधी उतरवा. लेखी करार ठेवा, मराठीत, एक पान: किती सेशन, फी किती, कोणती साधनं वापरणार आणि कोणती नाही, रेबीजची लस झाल्याचा पुरावा, पूर्वी कुणाला चावलाय का. शेवटचा मुद्दा मालक लपवतात, म्हणून तो तोंडी न विचारता सहीखाली घ्या.

स्वतःची रेबीजची आगाऊ लस डॉक्टरांना विचारून घ्याच. चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, आगाऊ लस झालेली असली तरीही.

व्यवसायाच्या बाजूनं फार काही नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली कामाला मोजकीच माणसं असतील तर नुसती सूचना द्यावी लागते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवा व्यवसायाला साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही.

सीपीडीटी-केए दर ३ वर्षांनी नवा करावा लागतो. त्यासाठी ३६ शिक्षणगुण जमवायचे किंवा परीक्षा पुन्हा द्यायची. गुण वेबिनार, परिषदा, कार्यशाळा यांतून मिळतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचे रात्री आठचे वेबिनार उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतात, म्हणजे चहा हातात आणि कुत्रा पायाशी. प्रत्येक वेबिनारचा कागद त्याच दिवशी जपून ठेवा. मी त्याच वहीच्या मागच्या बाजूनं लिहीत येते. कोरेगावच्या पोराची वही आता दुसरी चालू आहे, पहिलीत २१४ तास भरले. बोर्डावर त्यानं सध्या एवढंच रंगवून घेतलंय: "कुत्र्यांचे व मालकांचे प्रशिक्षण". खाली फोन नंबर, आणि तिसरी ओळ त्यानं रंगाऱ्याला सांगून मोकळी ठेवली आहे.